मीटिंगला नवऱ्याला कसं न्यावं?

प्रश्न : मिस्टर रोज पितात. ‘सोडायचीय,’ असं स्वतःच म्हणतात, पण ‘एए’च्या मीटिंगला यायला लाजतात. ओळखीचं कुणी भेटलं तर? शिवाय खर्च किती येतो?

उत्तर : ताई, ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल! ‘एए’ म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, नावातच निनावीपण आहे. आडनाव, पत्ता कुणी विचारत नाही. फी नाही, शेवटी पेटी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावं. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी.

मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरते. कुणी उठून नाव सांगतो, ‘मी बेवडा आहे’ म्हणतो, आपली कहाणी सांगतो. पहिल्या दिवशी मिस्टरांनी तोंड उघडलं नाही तरी चालेल. मराठी मीटिंग कुठे, केव्हा, हे ‘एए’च्या हेल्पलाइनवर कळेल, फोन मात्र मिस्टरांनाच करू द्या. ‘ओपन’ मीटिंगला तुम्हीही बसू शकता, ‘क्लोज्ड’ला नाही. एका गटात मन रमलं नाही तर दुसरा बघा.

मात्र रोज पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, झटके, भ्रम, हे जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. पुण्यात १९८६पासून ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र आहे.

आणि तुम्ही स्वतः ‘अल-अ‍ॅनॉन’ला जा, ते घरच्यांसाठीच असतं. मिस्टर तयार होईपर्यंत थांबू नका.