पोटगीचा आकडा कायमचा नसतो



ऊसतोडीचा हंगाम संपत आला की सणसर परिसरातल्या टोळ्या गावाकडे निघतात. काही बाया मात्र मुलांसह मागेच राहतात, कारण नवरा सोडून गेलेला असतो. अशीच एक भिल्ल समाजातील बहीण दोन वर्षांपूर्वी मुलीच्या शाळाप्रवेशासाठी माझ्याकडे आली होती. यंदा पुन्हा आली, तेव्हा तिने पिशवीतून न्यायालयाचा जुना आदेश काढला. मुलीसाठी दरमहा १,५०० रुपये. आदेश झाला तेव्हा मुलगी अंगणवाडीत होती, आता सातवीत आहे. "ताई, साहेबांनी एकदा लिहिलं ते लिहिलं ना?"

तसे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ पोटगीचे आहे (जुने १२५) आणि कलम १४६ तिच्यात बदल करण्याचे (जुने १२७). परिस्थिती बदलल्याचे दाखवले की रक्कम वाढते. बापाची खरोखरच ओढाताण असेल तर कमीही होते. हे कलम सर्व धर्मांना आहे, आणि आपल्या कामात त्याचे मोल मोठे, कारण हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही. लग्न रीतीरिवाजाने झाले, नोंद नाही, म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी बाईला ती राहते तिथे अर्ज करता येतो.

रक्कम ठरते कशी? पूर्वी दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती गेली. आता मुलाची गरज आणि बापाची ऐपत पाहतात. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या एका प्रकरणात लहान मुलाला आधी ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये मिळाले. तेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी ठरवून दिले की दोघांनीही मिळकत व देणी यांचे शपथपत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी.

ऊसतोड्याकडे पगारपत्रक कुठले? बाप 'मला काम नाही' म्हणतो. धडधाकट माणसाचे एवढे म्हणणे न्यायालयाला पुरत नाही, पण आपल्याकडे काही दाखवायला असलेले बरे. मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, टोळीतले लोक साक्ष देऊ शकतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, त्यामुळे उचल किती होती हे बाईलाही बहुधा ठाऊक असते. तिला नीट विचारा.

आता माझी चूक सांगते. तिच्या नवऱ्याने तीन वर्षे पैसे दिले नव्हते. या मार्गाने वसुलीचे वॉरंट हवे तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दोन वर्षांपूर्वी मी शाळेचेच बोलले, कोर्टाचा काही कागद आहे का, हे विचारले नाही. तेव्हा विचारले असते तर आधीच्या थकबाकीसाठीही अर्ज झाला असता. नवऱ्याला तुरुंगात पाठवले तरी देणे फिटत नाही, पण मुदत गेलेल्या रकमेला त्याचा उपयोग नाही.

स्त्रिया, मुले व आदिवासी यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००.

तिचा अर्ज आता इंदापूरला दाखल आहे. सोबत मुलीचा सातवीचा दाखला, चष्म्याची पावती आणि शेवटच्या बारा महिन्यांचा थकबाकीचा तक्ता जोडला आहे.