बालकांतील दुःस्वप्न व रात्रीचा निद्राभंग : निदान आणि चिकित्सा

‘मूल रात्री दचकून उठते, किंचाळते, पुन्हा झोपत नाही, झोपेचे काहीतरी द्या,’ अशी मागणी घेऊन येणारे पालक चिकित्सालयात येतात, तसेच थेट औषधालयाच्या गल्ल्यावरही येतात. दोन ते सात वर्षे वयोगटात ही तक्रार वारंवार आढळते. बहुतांश बालकांत ती वयानुसार आपोआप शमते, परंतु काही थोड्यांत ती अन्य व्याधीचे लक्षण असते. यास्तव हातात बाटली देण्यापूर्वी दोन प्रश्नांचा निर्णय व्हावयास हवा : हे खरोखर स्वप्न आहे काय? आणि असल्यास भय आले कोठून?

१. शास्त्राधार

चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे स्वप्नांचे सात प्रकार सांगितले असून त्यांपैकी पहिले पाच निष्फळ मानले आहेत. बालकांची बहुतेक दुःस्वप्ने पाहिलेल्या, ऐकलेल्या वा अनुभवलेल्या गोष्टींतून उद्भवतात. ती अशुभसूचक नाहीत, हे पालकांस प्रथम सांगावे. निम्मी चिंता तेथेच ओसरते. त्याच अध्यायात, अतिगाढ झोप नसताना मनुष्य स्वप्ने पाहतो, असेही म्हटले आहे. पुढील व्यवच्छेदासाठी हे सूत्र मोलाचे आहे.

२. दुःस्वप्न की भयजागृती?

दुःस्वप्न प्रायः रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे पडते. मूल पूर्ण जागे होते, आईस ओळखते, बिलगते आणि बोलता येत असल्यास स्वप्न सांगते. सकाळीही त्यास ते आठवते.

आधुनिक वैद्यक ज्यास ‘नाइट टेरर’ म्हणते, त्या अवस्थेस आम्ही येथे भयजागृती म्हणतो. ही झोपेच्या पहिल्या तृतीयांशात, गाढ निद्रेतून उद्भवते. मूल उठून बसते, डोळे उघडे असतात, घाम येतो, हृदयगती वाढते. परंतु ते कोणास ओळखत नाही व जवळ घेतल्यास झिडकारते. काही मिनिटांत ते पुन्हा झोपते आणि सकाळी त्यास काहीच स्मरत नाही. अपुरी झोप, ज्वर व अतिश्रम यांनी हे झटके वाढतात. अनेकदा कुलवृत्तही आढळते.

दोहोंची शुश्रूषा भिन्न आहे. दुःस्वप्नात मुलास जवळ घेऊन धीर द्यावा. भयजागृतीत बळाने जागे करू नये, हलवू नये. इजा होणार नाही एवढे पाहून झटका शमेपर्यंत शेजारी बसावे. झटका रोज ठराविक वेळी येत असल्यास, त्या वेळेच्या १५ ते ३० मिनिटे आधी मुलास अलगद जागे करून पुन्हा झोपवण्याचा उपाय काही आठवडे करून पाहावा.

३. अन्य व्याधींचा विचार

घोरणे, तोंडाने श्वास घेणे, मध्येच श्वास थांबणे असल्यास गलग्रंथी व नाकामागील ग्रंथींची तपासणी करवावी. रात्री गुदकंडू असल्यास कृमींचा विचार करावा. झटक्यात एकाच प्रकारच्या हालचालींची पुनरावृत्ती, अंग ताठरणे, जीभ चावली जाणे, एका रात्रीत अनेक झटके किंवा दिवसाही तसेच होणे, ही अपस्माराची शंका घेण्याची स्थाने होत. अशा बालकास विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे.

चालू औषधेही विचारावीत. दमा व ॲलर्जीसाठी दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टच्या वेष्टनावर मानसिक दुष्परिणामांची सर्वांत कडक सूचना छापणे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये आवश्यक केले. त्या दुष्परिणामांत वाईट स्वप्नांचाही समावेश आहे. असे औषध परस्पर बंद न करता ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलण्यास सांगावे.

४. हेतूचा शोध

शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाचार्यांनी स्पष्ट निषेध केला आहे : मूल रडो, न जेवो वा न ऐको, राक्षस, पिशाच, पूतना इत्यादींची नावे घेऊन त्यास भिववू नये. आपल्या घराघरांत मात्र ‘बागुलबुवा येईल’, ‘पोलीस घेऊन जातील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ या धाकावरच घास भरवले जातात. दिवसा घासाबरोबर भरवलेले भय रात्री स्वप्नात उतरते. म्हणून इतिवृत्त घेताना, मूल जेवत नसेल तेव्हा तुम्ही काय म्हणता, हा प्रश्न अवश्य विचारावा. झोपण्यापूर्वी पडद्यावर काय पाहिले जाते, शाळा वा घर बदलले काय, धाकटे भावंड आले काय, घरात भांडणे होतात काय, हेही विचारावे.

बालग्रहांचा उल्लेख वैद्यानेही जपून करावा. सुश्रुताचार्यांनी नऊ ग्रह वर्णिले आहेत; त्या लक्षणसमुच्चयांचा अभ्यास आपण करावा, परंतु ‘ग्रहबाधा आहे’ असे मुलासमोर म्हणणे हे वित्रासनच होय.

विशिष्ट व्यक्तीचे नाव निघताच मूल अंग चोरते, तिच्याजवळ जाण्यास नाकारते, असे दिसल्यास गप्प राहू नये. लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास ती कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

५. चिकित्सा

निदानपरिवर्जन हीच येथे मुख्य चिकित्सा. तीन ते पाच वर्षांच्या मुलास दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप लागते; निजण्याची वेळ ठरलेली असावी. रात्रीचे जेवण हलके व लवकर द्यावे. कोमट तिळतेलाने अभ्यंग, तळपायांस तूप चोळणे, मंद प्रकाश व शांत गोष्ट हा क्रम रोज पाळावा. सत्त्वावजय म्हणून दिवसा मुलाकडून स्वप्नाचे चित्र काढवून त्याचा शेवट त्याच्याच कल्पनेने गोड करवावा. एवढ्यानेच बहुतेक मुले शांत झोपू लागतात, असा आमचा अनुभव आहे. ब्राह्मी घृतादी मेध्य कल्पांचा विचार त्यानंतर, बालकाचा अग्नी, बल व वय पाहून करावा.

६. औषधालयचालकांस

जायफळ उगाळून देणे घरगुती असले तरी अधिक मात्रेत ते भ्रमकारक व विषारी ठरते. ‘चिमूटभर जास्त’ हा सल्ला कधीही देऊ नये. सारस्वतारिष्टादी आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, म्हणून लहान मुलांसाठी ती गल्ल्यावरून परस्पर देऊ नयेत. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असणारे कल्प वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. मुंबईच्या गिरणी वस्त्यांत कामावर जाणाऱ्या माता तान्ह्यांना अफूची गोळी देत, हा इतिहास फार जुना नाही. मूल गप्प झाले, म्हणजे बरे झाले असे नव्हे.

७. सारांश

प्रथम वेळ विचारावी, मग स्मरण, मग भयाचा उगम. अन्य व्याधीची शंका असल्यास पाठवण्यास विलंब करू नये. आणि निरोप देताना पालकांकडून एक वचन घ्यावे : आजपासून घरात मुलास कोणाचीही भीती घातली जाणार नाही.