ओ-गोशी: उचलायच्या आधीच थ्रो ठरलेला असतो

व्हिडिओत ओ-गोशी दोन सेकंदांत संपते. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं, कंबर धरायची, उचलायचं आणि टाकायचं. मग दुसऱ्या दिवशी पाठ धरते. म्हणून इथे तेच सावकाश बघू.

ओ-गोशी म्हणजे कमरेवरून टाकायचा मोठा थ्रो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोडोकान सुरू केलं. तिथल्या 'गोक्यो' या थ्रोंच्या मांडणीत ओ-गोशी पहिल्याच गटात येते. कुस्ती खेळलेल्यांना ढाक आठवेल. टाकणाऱ्याला तोरी म्हणतात आणि पडणाऱ्याला उके. आपण उजव्या बाजूचा थ्रो बघतोय.

सगळ्यात आधी कुझुशी, म्हणजे तोल बिघडवणं. तुमचा डावा हात उकेच्या उजव्या बाहीवर, कोपराजवळ. उजवा हात कॉलरवर. आता डाव्या हाताने बाही पुढे आणि थोडी वर ओढा, मनगटावरचं घड्याळ बघतोय अशी. उकेच्या टाचा हलक्या झाल्या पाहिजेत. झाल्या नाहीत तर पुढे जाऊच नका, परत ओढा. टाचा जमिनीला चिकटलेला ६० किलोचा माणूस ९० किलोचा वाटतो!

तोल पुढे आला की आत शिरायचं. उजवं पाऊल उकेच्या उजव्या पावलासमोर टाका, त्याच पावलावर वळा आणि डावं पाऊल मागून आणून त्याच्या डाव्या पावलासमोर ठेवा. तुमची दोन्ही पावलं त्याच्या पावलांच्या आत हवीत. वळतानाच उजवा हात कॉलर सोडून त्याच्या डाव्या काखेखालून पाठीमागे कमरेवर जातो. हात मानेभोवती गेला तर ती ओ-गोशी राहत नाही, कोशी-गुरुमा होते. तो वेगळा धडा.

आता गुडघे. वळून झाल्यावर तुमची कंबर उकेच्या बेल्टच्या खाली असली पाहिजे. ही एक गोष्ट जमली की निम्मं काम झालं. नवीन मुलं गुडघे न वाकवता कमरेतून पुढे वाकतात, मग सगळं वजन मणक्यावर येतं. पाठ सरळ ठेवा, खुर्चीवर बसतोय असं खाली बसा आणि तुमची पाठ त्याच्या पोटाला चिकटवा. मधे हात जाईल एवढी फट राहिली तरी थ्रो अडतो.

शेवटचा भाग छोटा आहे. गुडघे सरळ करा, डावा हात ओढत राहा आणि मान डावीकडे वळवा. नजर गेली की खांदे जातात, खांद्यांमागे उके येतो.

पण थ्रो इथे संपत नाही हं. उके पडताना त्याची उजवी बाही सोडायची नाही, उलट जरा वर ओढून धरायची. त्यामुळे तो डोक्यावर न आपटता कुशीवर उतरतो. उकेने हनुवटी छातीला लावायची आणि डावा हात जोरात मॅटवर मारायचा. पडताना हात टेकवून स्वतःला सावरायला जाऊ नका, मनगट किंवा कोपर जातं. ज्याला उकेमी, म्हणजे पडण्याचं तंत्र, येत नाही त्याच्यावर हा थ्रो करायचा नाही, मित्र कितीही हट्ट करू दे. आणि घरच्या फरशीवर तर अजिबात नाही.

सराव कसा? आधी उचिकोमी: आत शिरायचं, कंबर लावायची, उकेच्या टाचा उचलल्या की परत बाहेर. टाकायचं नाही. अशा १० च्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर जोडीदाराची पाळी. दहावी खेप पहिलीइतकीच खाली बसून होत असेल तर मग एकदा टाका, तेही कोच समोर असताना.

डावी बाजू पुढच्या व्हिडिओत घेऊ. तोपर्यंत हीच करा.