डोकं थंड केलं की मेंदू वाचतो?

प्रश्न : अपघातात भावाच्या डोक्याला जबर मार लागलाय, तो आयसीयूत आहे. शरीर थंड करून मेंदू वाचवतात म्हणे. डॉक्टर तसं का करत नाहीत? आम्ही बर्फ ठेवावा का?

उत्तर : ताई, ही हयगय नव्हे. शरीर ३२ ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यानं कवटीतला दाब उतरतो, हे खरं. पण ‘युरोथर्म’ (२०१५) आणि ‘पोलर’ (२०१८) या मोठ्या चाचण्यांत त्यानं रुग्ण अधिक बरे झाले नाहीत. शिवाय न्यूमोनियाचा, रक्तस्रावाचा धोका असतोच. म्हणून आता भर ताप चढू न देण्यावर असतो. दाब कशानंच हटेना, तरच क्वचित थंडाव्याचा विचार होतो. बर्फ मात्र ठेवू नका. हुडहुडी भरली तर मेंदूवरचा ताण वाढतो. रोज डॉक्टरांना ताप आणि दाब विचारा. धीर धरा.