ओळखीची बोट

बारा वाजायला वीस मिनिटं होती. बजबजपासून सहा-सात किलोमीटरवर अछिपूर नावाचं गाव आहे. तिथल्या एका लाल रंगाच्या, घोड्याच्या नालासारख्या चिनी कबरीपुढे मी उभा होतो, आणि फोन वाजला. पलीकडे आमच्या बोटीचे मॅनेजर.

"सर, कुठे आहात? सगळे चढले. तुमचं सामानसुद्धा चढलं. तुम्ही दोघंच राहिलात."

मी म्हणालो, "अहो, साडेचारला ना?"

पलीकडे दोन क्षण काहीच नाही. मग अगदी हळू आवाजात, "सर, साडेबारा. एकला दोर सोडतोय."

आमची बोट म्हणजे तीन-चार हजार माणसांचं तरंगतं शहर नव्हे. कोलकात्याहून हुगळीने खाली उतरायचं, नामखान्याच्या बाजूने हातानिया-दोआनिया खाडीत शिरायचं, सुंदरबनात चार दिवस हिंडायचं आणि परत. पंचवीस-तीस प्रवासी, वर उघडा डेक, वेताच्या खुर्च्या. पहिल्या खेपेला आम्ही वसंत पंचमीला चढलो होतो. बंगालात त्या दिवशी सरस्वती पूजा. घाटावर पिवळ्या साड्यांची झुंबड, हातात प्रसादाचे द्रोण. बोट साडेचारला निघाली आणि दिवेलागणीला बजबजवरून गेली. तेलाच्या टाक्या, तागाच्या गिरण्यांची धुराडी. वाटाड्या म्हणाला, विवेकानंद परदेशातून आले ते इथेच उतरले आणि कोमागाता मारू नावाची बोटही इथेच थांबवली. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वेळी हे गाव जमिनीवरून बघायचं.

पुढची वेळ आली ती भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येला. बोट तीच मागितली, खोली तीच मागितली, नंबर पाठ होता. न्यूजर्सीच्या मुलाने तिथूनच पैसे भरले आणि सगळी कागदपत्रं मला पुढे पाठवली. मी ती उघडली नाहीत. कशाला उघडायची? गेल्या खेपेचा कागद माझ्या पाकिटात होता. घाट माहीत, वेळ माहीत, स्वयंपाक्याचं नाव माहीत. माझी चूक इथे झाली. पहिल्यांदा जाणारा माणूस दहा वेळा विचारतो. दुसऱ्यांदा जाणारा पाहुणा नसतो, घरचा असतो, आणि घरच्याला वेळ विचारायची लाज वाटते.

सकाळी सातला गेस्ट हाऊसच्या काउंटरवर बॅगा ठेवल्या. बोटीची गाडी येऊन त्या नेणार होती. आम्ही सियालदहवरून बजबज लोकल धरली. माझेरहाट, संतोषपूर, आक्रा, नुंगी आणि शेवटी बजबज, तासाभराच्या आत. स्टेशनच्या पाटीवर आता 'कोमागाता मारू बजबज' असं लिहिलेलं आहे.

थोड्याच अंतरावर कोमागाता मारूच्या प्रवाशांचं स्मारक, किरपाणासारखं वर गेलेलं. १९५२ साली नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेलं. १९१४च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगहून निघालेली ही जपानी बोट, त्यावर ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख. व्हँकुव्हरला दोन महिने बंदरात उभी राहिली. मोजक्यांना उतरू दिलं, बाकीच्यांना परत धाडलं. २९ सप्टेंबरला ती बजबजला लागली. सरकारने खास आगगाडी तयार ठेवली होती, सगळ्यांना थेट पंजाबात कोंबायला. बहुतेक माणसं गाडीत बसेनात. ग्रंथसाहिब घेऊन कोलकात्याच्या वाटेने पायी चालू लागली, त्यांना वळवून परत आणलं, आणि स्टेशनाजवळ गोळीबार झाला. वीसेक जण मेले. त्यांचे पुढारी बाबा गुरदित सिंग निसटले. त्याच काठावर सतरा वर्षं आधी, १९ फेब्रुवारी १८९७च्या सकाळी, मद्रासहून आलेल्या 'मोंबासा' बोटीतून विवेकानंद उतरले होते. त्यांच्यासाठीही खास गाडी होती, पण ती सियालदहला, स्वागताला. एकाच गावात दोन गाड्या. हे सगळं वाचत उभा असताना मनात कुठेतरी 'अजून भरपूर वेळ आहे' असं चाललं होतं, हे आता आठवलं की ओशाळायला होतं.

मग घाटावर गेलो. बजबजहून पलीकडे बाउडियाला लाँच जाते. माझ्या बायकोला दहा मिनिटांची फेरी मारायची होती. तिकीटवाल्याने हात हलवला: बंद. "बान आशछे." बान म्हणजे भरतीची भिंत. समुद्राची भरती नदीत शिरते, पात्र अरुंद होत जातं, आणि उधाणाच्या दिवशी पाणी हळूहळू चढण्याऐवजी एकदम एका रेषेत चाल करून येतं. नऊ वाजून गेले होते. होडीवाले काठाच्या होड्या सोडून मधल्या धारेत नेत होते, तोंड खालच्या अंगाला करून. काठाला बांधलेली होडी बान आपटून फोडतो. मग ते आलं. फार उंच नाही, कमरेएवढं असेल, पण या काठापासून त्या काठापर्यंत अखंड, गढूळ, आणि त्याच्या मागे नदी उलटी वाहू लागलेली. पायाखालचा तराफा कण्हत वर उचलला गेला. हिने माझा दंड धरला. मी कौतुकाने फोनवर चित्रफीत काढत होतो.

माझं गाव देवगडकडे. लहानपणी आम्ही मुंबईला बोटीने जायचो. बोट खोल पाण्यात उभी, आणि पडावातून तिच्याकडे. पडाव लाटेवर वर आला की खलाशी ओरडायचा "आता!" आणि पोरांना हातोहात वर ओढायचे. त्या किनाऱ्यावर प्रत्येक पोराला एक हिशेब येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. आजी तर अमावास्येला बोटीत पायच ठेवू द्यायची नाही. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि तो दिवस गटारी अमावास्येचा होता. आम्ही शिकलेली नातवंडं आजीला हसायचो.

तर असा हा देवगडचा माणूस अमावास्येच्या सकाळी डोळ्यांदेखत उधाण चढताना बघत होता आणि त्याच्या डोक्यात आलं नाही की हेच पाणी त्याच्या बोटीचं घड्याळ आहे. बोटी खाली जाताना ओहोटी धरतात; इंधन वाचतं, वेळ वाचतो. कोलकाता समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, त्यामुळे भरतीची नेमकी वेळ कोकणातली नव्हे, पण रोजची सरक तीच, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. वसंत पंचमीला बोट साडेचारला सुटली होती. पंचमी ते अमावास्या पाच तिथींचा फरक, म्हणजे चार तास आधी. तोंडी हिशेब. मी केला नाही, कारण मी 'आपल्या' बोटीने चाललो होतो.

साडेचारपर्यंत काय करायचं म्हणून टोटो, म्हणजे ई-रिक्षा, करून अछिपूरला गेलो. तोंग आच्यू नावाच्या चिनी माणसाने अठराव्या शतकाच्या शेवटी वॉरन हेस्टिंग्जकडून इथे जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. त्याची ही कबर; चिनी नववर्षानंतर कोलकात्याचे चिनी अजूनही येतात. जागा सुंदर आहे, नदीला लागून. पण ती बघायचा तो दिवस नव्हता.

फोनवर मॅनेजरांनी मला ओरडायला हवं होतं, ओरडले नाहीत. गाडी करून येऊ का, म्हटलं. ते म्हणाले, अजिबात नको. महालया आहे, बाबूघाटाला तर्पणाची गर्दी, रस्ते तुंबलेले, पोचणार नाही. "तुम्ही बजबजच्या घाटावर थांबा. आम्ही तिथूनच जाणार. बोट उभी करता येणार नाही, वेग कमी करू आणि छोटी होडी पाठवू. पायात काय आहे?" मी म्हटलं, चामड्याच्या चपला. "मॅडमना विचारा, गुडघे कसे आहेत."

गुडघे बरे नव्हते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत, बॅग बोटीत. दुपारची गोळी चुकत होती. औषधांच्या दुकानात गेलो तर चिठ्ठी नाही, चिठ्ठीचा फोटोही नाही. हिला नाव आणि मात्रा तोंडपाठ होती म्हणून भागलं. दुकानदाराने चेहऱ्याकडे बघून एक पट्टी दिली. नसती दिली तरी त्याची चूक नव्हती.

म्हणून जे कोणी अशा लहान बोटीने, पहिल्यांदा किंवा पाचव्यांदा, जाणार असतील त्यांना सांगतो. चढायच्या दिवशी गावदर्शन ठेवू नका. आदल्या दिवशी पोचा, हवं तेवढं हिंडा, आणि त्या दिवशी घाटाजवळ पुस्तक घेऊन बसून राहा. निघायची वेळ आदल्या संध्याकाळी बोटीच्याच माणसाला विचारा, तिकीट काढून देणाऱ्याला नव्हे. त्याला पाणी ठाऊक नसतं. संपर्कासाठी नंबर स्वतःचा द्या. मुलं पैसे भरतात, फार चांगलं, पण मुलं झोपलेली असतात तेव्हा आपण जागे असतो. घाट कोणता हेही नव्याने विचारा, जेट्या बदलतात. औषधं, मूळ ओळखपत्र, चष्मा आणि एक दिवसाचे कपडे खांद्याच्या पिशवीत. बॅगा कोणीही नेवोत, पिशवी आपल्या खांद्यावर.

गुडघ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. हुगळीच्या जेट्या तरंगत्या असतात, काठापासून तराफ्यापर्यंत लोखंडी पूल. पाणी भरलेलं असलं की पूल सपाट, अंगणात चालल्यासारखं. ओहोटीला तोच पूल जिन्यासारखा उतरतो आणि त्यावर चिखल असतो. गुडघे दुखणाऱ्याने चढताना पाणी कुठे असेल हे आधी विचारून ठेवावं. परतीला आम्ही पूर्ण ओहोटीत उतरलो, तेव्हा तो पूल चढताना हिला दोन माणसांनी धरावं लागलं.

आणि जुनी खोली. ती मागताना ऋतू विचारात घ्या. आमची खोली उजव्या हाताची, म्हणजे दक्षिणेला जाताना पश्चिमेकडची. माघात त्या खिडकीतून सूर्यास्त बघत आम्ही चहा प्यायलो होतो. त्या उन्हासाठीच तर ती हवी होती. भाद्रपदात त्याच खिडकीला पाच वाजेपर्यंत पडदा लावून बसावं लागलं, आणि पंखा फिरवत होता ती वाफच. डावीकडच्या खोल्या रिकाम्या होत्या. स्वयंपाकीही बदललेला. नवा वाईट नव्हता, पण मोहरीतला मासा आधीच्यासारखा नव्हता. जुन्या बोटीवर जुने दिवस शोधायला जाणाऱ्यांनी एवढं मनाशी धरून जावं. जे राहिलं होतं ते म्हणजे डेक, नदी, आणि एक खलाशी.

तोच खलाशी छोटी होडी घेऊन आला. पावणेतीन झाले असतील. ओहोटी लागलेली, पण पाणी अजून बरंच भरलेलं, तराफा सपाट. एवढं नशीब अमावास्येने दिलं. बोट नदीच्या मध्यात जेमतेम सरकत होती आणि डेकवर तिच्या कठड्याला सगळे प्रवासी ओळीने उभे राहून आमच्याकडे बघत होते. होडी बोटीच्या अंगाला भिडली, खालून शिडी. खलाशाने मला चपला काढायला लावल्या, त्या स्वतःच्या पायाखाली ठेवल्या आणि हिच्या मनगटाला धरलं. हात नव्हे, मनगट. ओला हात निसटतो. होडी वर आली तसा तो ओरडला, "एबार!" साठ वर्षांपूर्वीचा 'आता!' त्याच सुरात, दुसऱ्या भाषेत. ही वर गेली. मग मी.

मॅनेजर दारात उभे होते. त्यांनी मला लिंबाचं सरबत दिलं आणि एवढंच म्हणाले की अशी होडी ते एरवी पाठवत नाहीत, या पट्ट्यात बंदराची वाहतूक असते, हे मी इतरांना सांगू नये. सांगतो आहे ते याच अर्थाने, की ती सोय आहे असं धरून चालू नका. मोठं जहाज असतं तर बजबजच्या घाटावरून आम्ही त्याचं फक्त ढुंगण बघितलं असतं.

संध्याकाळी सातला डायमंड हार्बरच्या आसपास आम्ही वर डेकवर बसलो होतो. ही गोळी घेऊन शांत झालेली, माझे पाय अजून अनवाणीच. एक चप्पल होडीत राहिली होती. मुलाचा फोन आला. तिकडे सकाळ झालेली.

"बाबा, अहो बोटवाल्यांचा मेसेज आलाय, मी आत्ता बघितला. साडेबाराला बोलावलंय तुम्हाला. वेळेत निघा हं."