पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरला कोणता प्रोसेसर?

प्रश्न : पहिल्यांदाच गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवतोय. बजेट ७० हजार. दुकानदार म्हणतो, 'आय७ घ्या, पुढची चिंता नको.' घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. गेममधलं दृश्य रंगवण्याचं मुख्य काम ग्राफिक्स कार्ड करतं. आय७ वर पैसे ओतले तर कार्डाला उरणार काय? ६ कोर आणि १२ थ्रेडचा प्रोसेसर तुम्हाला पुरेसा आहे : रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ. उरलेल्या पैशातला मोठा वाटा कार्डाला द्या. व्हॅलोरंटसारखे गेम १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळायचे असतील, तर मात्र प्रोसेसरवरचा भार वाढतो. तिथं फार काटकसर करू नका.

थोडी ओढाताण चालणार असेल, तर मी रायझन ५ ७६०० घेईन. त्याला डीडीआर५ रॅमच लागते, म्हणून खर्च वाढतो. पण एएम५ सॉकेटमुळे पुढे मदरबोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवता येतो. आधीच्या एएम४ सॉकेटचा अनुभव याबाबत चांगला आहे. २०१७च्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अपडेट केल्यावर रायझन ५००० मालिकाही चालली.

आय५ च्या नावातला 'एफ' नीट वाचा. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, रायझन ५ ५६०० मध्येही नसतं. कार्ड नंतर घेऊ म्हणालात, तर तोवर स्क्रीन काळीच राहील. ७६०० मध्ये कामचलाऊ ग्राफिक्स असतं. आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागा. सुट्या 'ट्रे' मालासोबत सहसा कूलर मिळत नाही.