माल्ट एक्स्ट्रॅक्टची घरगुती बीअर मुंबईत स्वस्त पडेल का?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये डब्यातल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून घरी बीअर करतो आणि ती स्वस्त पडते म्हणतो. आमच्याकडे बेकरीच्या सामानाच्या दुकानात माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि यीस्ट दोन्ही मिळते. मग इथे ती का करू नये? बोर्नव्हिटातही माल्ट असतेच, ते चालेल का? की घरची बीअर विषारी होते?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : भाच्याला जमते आणि परवडते ते मुलुंडला का नाही, ही आपली मुख्य शंका. ती सोडवण्याआधी माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे काय ते पाहू. बार्लीला, म्हणजे जवाला मोड आणले की दाण्यातच पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. मोड जरासे फुटताच दाणे वाळवले की झाले माल्ट. ते भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवले की पिष्टाची साखर होते. हे गोड पाणी गाळून, आटवून दाट केले की एक्स्ट्रॅक्ट.

थोडक्यात, सर्वांत किचकट काम कारखान्याने आधीच उरकलेले असते. बाजारातले तयार इडलीचे पीठ आणि घरी भिजवून वाटलेले डाळ-तांदूळ यांच्यात जो फरक, तोच इथे. एक्स्ट्रॅक्टने मेहनत वाचते, पैसा नाही. दाण्यांपासून केलेली बीअर सहसा स्वस्त पडते. साधारण साडेचार टक्के अल्कोहोलच्या एक लिटर बीअरला सुमारे १५० ग्रॅम दाट एक्स्ट्रॅक्ट लागते. म्हणजे वीस लिटरला तीन किलो. बेकरीवाल्यांकडच्या लहान बरण्यांच्या हिशेबाने ही रक्कम बरीच होते.

बोर्नव्हिटा मात्र चालणार नाही. त्यात माल्टबरोबर कोको आणि दुधाचे घटक असतात. दुधातली साखर बीअरचे यीस्ट पचवू शकत नाही आणि कोकोतला स्निग्धांश फेस टिकू देत नाही. पावाचे यीस्ट त्या मानाने जवळचे. एल प्रकारची बीअर ज्या जातीच्या यीस्टने होते, तीच ही जात. पण पावासाठी निवडलेले वाण भराभर वायू सोडण्याकरता जोपासलेले असते. ते तळाशी नीट बसत नाही आणि पेय गढूळ राहते. कडवटपणा येतो तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. ती तासभर उकळावी लागतात, आणि ती काही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळत नाहीत.

आता खर्चाच्या खऱ्या मुद्द्याकडे येऊ. एलचे यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करते. भाच्याच्या घरात वर्षातले बरेच महिने एखाद्या खोलीत एवढेच तापमान असते. मुलुंड-घाटकोपरला मे महिन्यात बंद खोली तीस अंशांच्या वर जाते, शिवाय आंबताना द्रवाचे तापमान आपोआप आणखी काही अंशांनी चढते. एवढ्या उष्णतेत यीस्ट घाई करते आणि जड अल्कोहोले व उग्र वासाची संयुगे तयार होतात. नेलपॉलिशसारखा वास आणि तिखट, जळजळीत चव येते ती त्यांच्यामुळे. हे टाळायचे तर भांडे आठवडा-दोन आठवडे एसीच्या खोलीत हवे. म्हणजे भाच्याला हवामान जे फुकट देते, ते आपल्याला विजेच्या बिलातून विकत घ्यावे लागेल.

विषाची भीती मात्र वेगळी करून पाहायला हवी. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये गावठी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. तेव्हापासून ‘घरी केलेली म्हणजे विषारी’ असा समज उपनगरांत पक्का झाला आहे. तिथे माणसे मेली ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉल या औद्योगिक रसायनामुळे. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टी व प्राण हिरावते. माल्ट आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होते. घरच्या बीअरचा खरा धोका बाटलीत असतो : आंबणे पुरते थांबण्याआधी ती बंद केली, किंवा फेसासाठी साखर जास्त घातली, तर दाब वाढून काच फुटू शकते.

राहिला कायदा, आणि निर्णय तोच करतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बीअर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी साहित्य व भांडी बाळगणे हाही. ‘विकत नाही, घरच्यापुरतीच करतो’ ही सबब चालत नाही. खिशातले दारूचे परमिटही कामाचे नाही, कारण ते घेण्या-बाळगण्या-पिण्याचे असते, बनवण्याचे नव्हे. ताजी बीअर बनवणाऱ्या छोट्या मद्यनिर्मितीगृहांना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वेगळा परवाना लागतो. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डूलाली’ ही त्यांतली सुरुवातीची. पुढे तिची शाखा अंधेरीतही निघाली.

त्यामुळे माझे उत्तर स्पष्ट आहे : इथे ती करू नका. स्वस्तही पडणार नाही आणि कायदेशीरही ठरणार नाही. माल्टची चव समजून घ्यायची असेल तर दोन चमचे एक्स्ट्रॅक्ट अर्ध्या कप कोमट पाण्यात विरघळवा, गार करा, वर थंड सोडा ओता आणि लिंबू पिळा. जगात अनेक ठिकाणी न आंबवलेले माल्टचे पेय लहान मुलेही पितात. फक्त ते लगेच संपवा. मुंबईच्या दमट उकाड्यात गोड पाणी उघडे राहिले, तर हवेतले यीस्ट आपल्याला न विचारता कामाला लागते.